सत्तीच्या जोडीवर

हॅलो?… हॅलो, कोण?… ग्रंथालयातून? कुठल्या ग्रंथालयातून?… अगं धाकटे, तूच ना ती? मग हे 'मी ग्रंथालयातून बोलतेय' काय लावलंयस? सख्ख्या मेहुणीचा आवाज ओळखू नये इतका काही बहिरा झालो नाही मी अजून.

काय?… 'सदस्य महोदय'?… बरं, बरं, आलं लक्षात. तुमच्या मोठ्या बाई शेजारी उभ्या आहेत. आहेत ना? नुसतं 'हो' म्हण… हं. मग बोला, ग्रंथपाल बाई. सदस्य महोदय ऐकतायत.

पुस्तकात?… पेन्सिलीनं?… कोण लिहील बुवा असं! काय लिहिलंय?… 'खोटं.' बरं… पुढच्याच पानावर 'साफ खोटं.' हं… आणि शेवटी?… 'या लेखकाला घरात कोणी विचारत नसावं.' अरे वा. म्हणजे निदान एक तरी वाचक शेवटपर्यंत पोचला म्हणायचा.

नाही, अक्षर मला फोनवरून कसं ओळखू येणार?… मोठ्या बाईंना ओळखू आलं? हुशार आहेत. सांग त्यांना, खोडून देतो. माझ्याकडे रबर आहे. नळाचं आहे, पण खोडतं.

गेल्या?… चहाला? सुटलीस. आता माणसासारखी बोल.

कसा म्हणजे? छान. छान आहे… जेवतो की, छान जेवतो… झोपही छान लागते. घर छान, घराला काय धाड भरलीय?

ती पुस्तकं? सांगितलं होतं ना तुला, एका गिऱ्हाइकाला हवी होती. त्याच्या न्हाणीघरातला नळ बदलायला गेलो, तर म्हणाला, पोकरवर काही चांगलं वाचायला मिळेल का? छान माणूस आहे. छान स्वभाव…

अगं ऐक ना… ऐक… बरं, नाही तर नाही. नाहीये कुणी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकं नळाशिवाय माझ्याशी काही बोलत नाहीत, तेही नळ गळत असेल तरच. मला हवी होती. झालं समाधान?

हो, मला. पोकरची. पत्त्यांची. 'मुरलेल्या खेळाडूंसाठी' असं मुद्दाम लिहून दिलं होतं तुला. मुरलेल्या, आणि रोख पैशाने खेळणाऱ्या.

हसून घे. हसून झालं की सांग… झालं?… अजून नाही? घे, घे, तुझं ग्रंथालय आहे, शांतता पाळायच्या पाट्या बाकीच्यांसाठी.

कुठे म्हणजे? कुठे खेळणार? तुझी ताई जिथे जायची तिथेच. रविवारी दुपारी, दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात. बाहेरच्या खोलीत, जिथे पेशंट बसून घाबरतात तिथे. भिंतीवर चित्रातली ती किडलेली दाढ रडतेय तिच्या खाली टेबल, आणि त्या एकुलत्या एक माशाच्या पेटीशेजारी तुझ्या ताईची खुर्ची. तिथेच बसतो मी. हिवाळा संपला तेव्हापासून बसतोय.

तुला नाही सांगितलं. का सांगू? तू आत्ता जशी हसलीस तशी तेव्हा हसली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

अगं, कारण काय असणार… रविवारी ती तिकडून यायची आणि जेवताना सगळे डाव सांगायची. कुणाकडे काय होतं, कुणी काय लपवलं, बेकरीवाल्याने कशी थाप मारली आणि हिने ती कशी पकडली. मी आपला 'हं, हं' करत जेवायचो. मला त्यातलं शष्प कळायचं नाही. पण ते चालू असायचं ना… कानावर पडायचं. आता रविवारी ताट घेऊन बसलं की फ्रिजचा आवाज ऐकू येतो. म्हटलं, जाऊन बघू तरी ती काय सांगत होती इतकी वर्षं.

हो गं. हो… ए, रडायचं असेल तर फोन ठेव, मला नळावर जायचंय… नाही ना? मग ठीक.

आता पुस्तकांचं ऐक. तू मला पाठवलीस पाच. पाचांपैकी एकाही लेखकाला मी माझ्या घरचा नळ सोडायलासुद्धा बोलावणार नाही.

पहिलं घे. कव्हरवर मोठ्या अक्षरांत 'मुरलेल्यांसाठी'. आत पहिलंच वाक्य: पत्त्यांच्या कॅटात बावन्न पत्ते असतात. वा! मी खुर्चीतून पडायचाच राहिलो. पुढे इस्पिक कसं दिसतं त्याचं चित्र. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

दुसरं त्या काळ्या चष्मेवाल्याचं. कव्हरवर चष्मा, आत चष्मा, पाठीमागे चष्मा. अर्धं पुस्तक त्याची गाडी, उरलेलं अर्धं त्याचं घर. मधे कुठेतरी तो एक डाव हरतो, तोही समोरचा मूर्ख होता म्हणून. 'साफ खोटं' मी तिथे लिहिलंय.

तिसरं… हां, ते गणिताचं. ते लिहिणारा माणूस नाही, इस्त्रीचा बोर्ड आहे. काय लिहितो माहितेय? म्हणे हे पत्ते आले तर शंभरातून सदतीस वेळा रक्कम वाढवा, बाकीच्या वेळा पत्ते टाकून द्या. आता मला सांग, मी रविवारी एकदा जातो. ते पत्ते माझ्याकडे वर्षातून एकदा येणार. त्या एका वेळेचे सदतीस कसे पाडू?… हो, हो, तोडगा दिलाय ना त्याने. घड्याळाचा सेकंदकाटा बघा म्हणतो. काटा अमुक घराच्या आत असेल तर वाढवा, बाहेर असेल तर टाका. बसलो बघत. दर डावाला मनगट डोळ्यासमोर. शेवटी बेकरीवाला म्हणाला, तुम्हाला उशीर होतोय का, आपण आवरतं घेऊ. आणि खरंच आवरलं त्याने. उरलेले बिस्किटांचे पुडे पण घेऊन गेला.

चौथं, समोरच्याचा चेहरा वाचायचं. हात थरथरले की समजावं, पत्ते भारी आलेत. बेकरीवाल्याचे हात मी ओळखतो तेव्हापासून थरथरतायत. त्या हिशेबाने त्याला जन्मभर एक्केच येतायत.

आणि पाचवं मात्र… पाचवं मला आवडलं होतं. मी त्याच्यावरच खेळत आलोय सुरुवातीपासून. त्यात म्हणतो, वेळ हातातून निघून चाललाय. थांबाल तर संपाल. समोरचा पैशांचा ढीग लहान झाला की डोळे मिटून सगळं एकदम पुढे ढकला. मला पटलं ते. लगेच पटलं.

हो, तेच. लाल कव्हरचं… काय?… स्पर्धेचं? ते स्पर्धेचं आहे?… थांब, थांब, हळू. म्हणजे स्पर्धेत एकदा सगळं संपलं की उठून घरी जायचं… हं… आणि दर थोड्या वेळाने बसायचाच भाव वाढवतात, म्हणून सगळ्यांना घाई… आणि आमच्याकडे?… कुणी उठवत नाही. संपलं तर खिशातून आणखी घ्यायचं आणि बसायचं. बसून राहायचं. वाट बघायची.

अगं, मग हे आधी सांगायचंस! मी तीन महिने आग लागल्यासारखा खेळतोय तिथे!… तू 'वरच्या कप्प्यातलं आहे' म्हणून दिलंस? वरच्या कप्प्यातलं म्हणजे वरच्या दर्जाचं? भारी पद्धत आहे. पाना मागितला तर हातोडी देशील आणि म्हणशील, भावजी, एकाच डब्यात होतं.

ऐक, गंमत पुढेच आहे. त्या लाल पुस्तकावर मी जिंकत होतो… हो. जिंकत. मी. पहिल्या रविवारी सगळं पुढे ढकललं, सगळ्यांनी पत्ते टाकले. पुन्हा ढकललं, पुन्हा टाकले. मला वाटलं, आपण आलो वाघासारखे आणि ही मंडळी शेळ्यांसारखी पळाली. घरी येताना चक्क शीळ घालत आलो. म्हटलं, हिने उगाच इतकी वर्षं डोकं शिणवलं, खेळ तर सोपा आहे.

नाही गं बाई, नाहीच सोपा. तेच सांगतोय.

मागच्या रविवारी काय झालं. टेबलावर मधे उघडे पत्ते, त्यात दोन राजे आणि एक नव्वी. माझ्याकडे कचरा. तिर्री आणि दुसरं काहीतरी त्याच लायकीचं. मी सवयीने सगळं पुढे ढकललं. बेकरीवाल्याने टाकले. डॉक्टरने टाकले. नर्सबाईंनी… त्या रिटायर झालेल्या, उजव्या हाताला बसतात त्या… त्यांनी बराच वेळ पत्ते बघितले, मग माझ्याकडे बघितलं, मग हळूच पत्ते टाकले, पालथे. आणि कप उचलायला गेल्या तर बाही अडकून पत्ते झाले उलटे. राजा आणि नव्वी.

हां! कळलं ना तुला? तुला एका क्षणात कळलं, मला जरा वेळ लागला. तीन राजे आणि दोन नव्व्या. 'फुल हाउस', भरलं घर घेऊन ती बाई माझ्या तिर्रीला घाबरली!

बेकरीवाला माशाकडे बघायला लागला. मासासुद्धा तोंड फिरवून बसला. डॉक्टर म्हणाला, "नर्सबाई, तुमचा चष्मा बदलायला हवा." आणि त्या म्हणाल्या, "हो ना, नव्वी मला छक्कीच दिसली." अगं, ती बाई आयुष्यभर नस शोधून सुई टोचत आली! तिला नव्वी दिसत नाही?

मग माझ्या डोक्यात एकेक रविवार उलगडत गेला. मी काही जिंकत नव्हतो गं. हे लोक मला वाढत होते. आजाऱ्याला पेज वाढतात ना, तसं.

चिडू नको तर काय करू? तुझ्या ताईच्या खुर्चीत बसून दया खातोय मी! त्या खुर्चीत! तिला कुणी एक पान सोडलं असतं तर तिने टेबल उलथलं असतं. आठवतं ना, तिची ती दाढ काढली होती, तोंड सुजलेलं, आणि डॉक्टरने जरा नरमाईने घेतलं तर कागदावर लिहून दाखवलं होतं तिने, 'दाढ काढलीय, मेंदू नाही'.

हो… हो, तेच. तसंच म्हणायची.

मग मी उठलो आणि बोललो. काय बोललो? म्हटलं, पुढच्या रविवारी माझ्याशी खरं खेळणार असाल तर येतो, नाहीतर ही खुर्ची द्या त्या चष्म्याच्या दुकानवाल्याला. तो बसलाच आहे टपून. आयत्या बिळावर नागोबा. तिचं आजारपण चालू होतं तेव्हापासून विचारतोय, "जागा होणार आहे का?" जागा होणार आहे का! जशी काही पार्किंगची जागा.

पुढचा रविवार म्हणजे उद्या, हो. उद्या दुपारी. म्हणून तर तुला कालपासून तीनदा निरोप दिले. मला असं पुस्तक हवंय ज्यात हे सांगितलंय. चारशे चारशे पानं वाचली मी. समोरच्याला कसं लुटायचं ते सगळ्यांत आहे. समोरचा आपणहून खिसे उलटे करून उभा राहिला तर काय करायचं, ते एकाही पानावर नाही.

एक आहे?… सहावं? कुठलं?… पातळसं, कव्हर निघालेलं… ते मला का नाही दिलंस?… 'तुमच्या गिऱ्हाइकाला कळलं नसतं.' बरं. हा टोला बसला. पुढे बोल.

ताई नेहमी तेच न्यायची?… असं काय आहे त्यात?… ठरलेल्या माणसांबरोबर खेळणाऱ्यांसाठी. दर आठवड्याला तेच टेबल, तीच माणसं… वाच. वाच ना, मोठ्या बाई येईपर्यंत वाच.

हं… हं… 'रोजची माणसं तुमच्या पत्त्यांशी खेळत नाहीत. त्यांच्या डोळ्यांना जे दिसतं त्याच्याशी खेळतात'… पुन्हा वाच एकदा… 'म्हणून आधी स्वतःला विचारा, समोर बसणाऱ्याला मी कोण दिसतो.'

बरं लिहिलंय. साधं लिहिलंय. हा माणूस नळ दुरुस्त करू शकेल.

मी कोण दिसतो? मी दिसतो मी. टक्कल, मिशी, शर्टाच्या खिशात पेन्सिल… पत्त्यांवर? पत्त्यांवर काय ठेवतो म्हणजे?… हो, ठेवतो ना. सगळेच काहीतरी ठेवतात, वाटणाऱ्याने चुकून ओढू नयेत म्हणून. डॉक्टर एक नकली दात ठेवतो. नर्सबाई औषधाच्या बाटलीचं झाकण.

मी… बटण ठेवतो.

तिचंच. ते हिरवं, मोठं, कोटाचं. तुटलं तेव्हा म्हणाली होती, रविवारनंतर लावते, आज पत्त्यांवर ठेवायला बरं आहे. मग ते तिथेच राहिलं. कोट अजून बटणाशिवाय लटकतोय दारामागे. तेच नेतो मी. त्यात काय…

…

काय म्हणालीस?

नाही, ऐकलं. ऐकलं मी. तू बोललीस ते ऐकलं… 'भावजी, त्या बटणावर कोण पैसे लावेल?'

हं.

…बरोबर आहे तुझं. मी पण नसते लावले. मी तर घरी जाऊन दार लावून घेतलं असतं. आणि मी ते दर रविवारी त्यांच्या नाकासमोर मांडतोय, आणि वर पुस्तकात शोधतोय की ही माणसं अशी का वागतात. हातच्या काकणाला आरसा! नर्सबाई किती वेळ बघत होत्या, मला वाटलं पत्ते बघतायत.

मग काय ठेवू?… माझं? माझं काय आहे? माझ्याकडे पाइप आहेत. पाइप ठेवू?… थांब, बघतो. थांब, ही बरणी… वायसर आहे. नळाचा. पितळी… हां, पत्त्यांवर बरा बसेल. काही बोलत नाही, गप्प बसतो. वायसरची कुणाला दया येईल असं वाटत नाही.

पण नुसत्या वायसरने काय होणार? मला खेळायला यायला नको का? तीन महिने माझ्याशी कुणी खेळलेलंच नाही. मी चांगला आहे की वाईट हे मलासुद्धा माहीत नाही.

आत्ता? फोनवर?… तुम्ही दोघी खेळायचात तसं?… अगं, मला ते फक्त अर्धं माहितेय. रोज अकराला फोन, आणि ही ओट्याशी उभी राहून 'चेक… चेक… वाढवलं… खोटारडी आहेस तू' असं भिंतीशी बोलायची. तुझी बाजू मला कधी ऐकूच आली नाही. मला वाटायचं, भांडतायत.

कॅट आहे का इथे? असणारच, तिच्या खणात आहे. तुझ्याकडे ग्रंथालयात कुठून आला कॅट?… ड्रॉवरमध्ये असतो? अजून?… रोज अकराला काढतेस?… आणि?… नुसती पिसतेस आणि परत ठेवतेस.

…

काढ. काढ तो. मी फोन स्पीकरवर टाकून साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतो, मला दोन्ही हात लागतील. येतोय का आवाज?… हं. सांग नियम.

माझे दोन पत्ते माझ्या कॅटातले, तुझे दोन तुझ्या. मधले पाच तू उघडायचे आणि मला सांगायचे, मी इथे तेच काढून मांडायचे… आणि तोच पत्ता दोघांकडे निघाला तर?… निघू दे? हा काय खेळ झाला? म्हणून तुमच्याकडे एकदा सहा एक्के निघाले होते आणि ही दिवसभर हसत होती… बरं. आणि पत्ते खरे कशावरून?… 'डाव उघडताना पत्ते खोटे सांगायचे नाहीत, एरवी खुशाल खोटं बोलायचं.' हे तुझ्या ताईनेच ठरवलं असणार.

लावायला काय? माझ्याकडे वायसर आहेत, बरणीभर. तुझ्याकडे?… कागदाच्या क्लिपा. चालतील. एक वायसर एक क्लिप. सरकारी क्लिपा आहेत ना? मग हरायला तुला काही वाटणार नाही.

पिसले. काढले दोन… बघितले. वायसर ठेवला वर… हो, ठेवला. बटण? बटण खिशात आहे. तू उघड.

बदामची राणी… किल्वरची सत्ती… चौकटची दुर्री. मांडले. तू?… तू दोन क्लिपा. मी बघितलं. दोन वायसर.

पुढचं… इस्पिकचा गुलाम. बरं. तू पाच. मी पण पाच… नाही, काही नाही, घसा साफ केला. पुस्तकात घसा साफ करण्याबद्दल काही आहे का? नाही ना? मग चूप.

शेवटचं… किल्वरची तिर्री… बरं. छान. छान पान आलं.

थांब, विचार करू दे… विचार केला. धाकटे, मी सगळे लावतोय. हो, सगळी बरणी. छान पत्ते आलेत गं मला, छान जमलंय. तू आपली टाक पत्ते. पहिलाच डाव आहे, उगाच क्लिपा घालवू नको. मोठ्या बाई विचारतील.

कर विचार. कर… छान, सावकाश कर.

…

झालं? टाकलेस ना? टाक, मला माहितेय. तू पण त्यांच्यातलीच, कनवाळू. भरलं घर असलं तरी टाकशील आणि म्हणशील, भावजी, मला नव्वी… काय?

बघितलं?

तू सगळ्या क्लिपा लावल्यास?… सगळ्या?… काय आहे तुझ्याकडे?

सत्ती. नुसती सत्ती? एक सत्ती हातातली आणि एक मधली? सत्तीच्या जोडीवर? अगं, मधे राणी बसलीय, गुलाम बसलाय, आणि माझ्या सगळ्या बरणीवर तू सत्तीच्या जोडीवर आलीस? एवढी हिंमत?

…अठ्ठी आणि नव्वी. माझ्याकडे. दश्शी आली असती तर सरळ रांग लागली असती. नाही आली. काहीही नाही माझ्याकडे, कपाळ. हरलो. साफ हरलो!

हसतोय, हो. मला हसायला काय झालं विचारतेस? अगं, तीन महिन्यांत पहिल्यांदा हरलोय मी! कुणीतरी हरवलं मला!

पण कसं कळलं? खरं सांग, कसं कळलं? आवाज थरथरला?… नाही… मग?

काय म्हणतो मी?… 'छान'?

खोटं बोलताना मी 'छान, छान' म्हणतो. एरवी सगळ्या जगाला नावं ठेवतो आणि खोटं बोलायचं झालं की टोमणे बंद, आणि सगळं छान… कोण म्हणालं?

तिने सांगितलं तुला?

कधी?… लग्नानंतर पहिल्याच वर्षी. म्हणजे तिला तेव्हापासून… म्हणजे ते तिने कापलेले केस, मी म्हणालो होतो छान दिसतायत… आणि तिचं ते पहिलं सूप, आणि तुझ्या आईचं आमच्याकडे राहायला येणं, 'छान, येऊ दे, छान'… सगळं कळत होतं तिला? आणि कधी एका शब्दाने बोलली नाही?

…'हे माझं एकटीचं पुस्तक आहे, दुसऱ्याला द्यायचं नाही.' असं म्हणाली?

आणि इस्पितळात. शेवटी. मी रोज काय सांगत होतो तिला ते आठवतंय ना… डॉक्टर छान म्हणालेत. रिपोर्ट छान आहेत. आपण छान घरी जाऊ.

…

हो. आहे. जरा थांब.

…

म्हणून ती हसायची. मी म्हणायचो, हिला बरं वाटतंय.

नाही, तू नको रडू, ग्रंथालयात आहेस… मोठ्या बाई आल्या? दिसतायत? येऊ दे. सांग, सदस्य महोदयांना पुस्तक समजावून सांगतेय.

काय?… मघाशी सांगितलं ना कसा आहे ते… बरं, पुन्हा विचारतेयस.

नाही गं. बरा नाहीये. जेवतो ते उभ्यानेच. झोप पहाटे लागते कधी लागली तर. आणि घर… फ्रिज बंद करून ठेवला रविवारी, तर ते जास्तच वाईट झालं. असं आहे. टोमणासुद्धा सुचत नाही त्याच्यावर.

हं… हं. बरं वाटलं सांगून. म्हणजे वाईटच वाटलं, पण बरं.

उद्या जाणार म्हणजे, जाणारच. वायसर घेऊन जाणार. बसल्या बसल्या नर्सबाईंना सांगतो, मी 'छान' म्हणालो की खुशाल लुटा… नको? हे सांगायचं नसतं? मग त्या कसं ओळखणार?… ओळखतील. ठीक. त्या चष्म्याच्या दुकानवाल्याला म्हणावं, स्टूल घेऊन ये आणि माशाशेजारी बस, खुर्ची काही रिकामी होत नाही.

आणि तू? तू ये ना उद्या. टेबलावर मला निर्दयपणे मारणारं निदान एक माणूस हवं, बाकीच्यांना सवय लागेपर्यंत… येशील? ये. कोट तुला होईल का गं? तू उंच आहेस तिच्यापेक्षा, आखूड होईल… तरी हवाय. बरं. आज बटण लावून ठेवतो. टाचायला येतं मला, नळवाला असलो म्हणून काय झालं.

सोमवारी?… अकराला. चालेल. फोन तू कर, माझा फोन ओल्या हातात असतो. आणि क्लिपा जास्त आण, मी शिकतोय.

आणि ते पातळ पुस्तक माझ्यासाठी राखून ठेव, उद्या येताना घेऊन ये… आल्या का मोठ्या बाई? आल्या… हो, ग्रंथपाल बाई. ऐकतोय… सूचना?… पुस्तकावर पेन्सिल लावायची नाही. बरं… कुठल्याही पानावर नाही. बरं, बरं… अगदी कव्हर घालून वाचेन, हो. छान जपून वाचेन. छान ठेवेन…

…हसतेयस काय?

ठेव फोन. ओळखलंस ना? ठेव.